फिटरमामांची तीन महिन्यांची गाडी

फिटरमामा वाचल्याशिवाय कशावरही सही करत नसत. पगाराच्या दिवशी कंपनीच्या खिडकीपाशी मागे ही मोठी रांग ताटकळत असायची आणि हे गृहस्थ चष्मा पुसून कागदावरची ओळ न् ओळ वाचत उभे. मागून कोणीतरी ओरडायचं, "मामा, परीक्षा हाय का आज?" मामा मानसुद्धा वर करायचे नाहीत. "बापानं जन्मभर आंगठा उठवला. घरात सही करणारा पयला मीच हाय. नीट करू दे की!"

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, आणि मामा एकाच शिफ्टला. आकुर्डीच्या अलीकडे रुळांच्या कडेला आमची वस्ती होती, तिथे आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण ते अख्ख्या वस्तीचे मामा होते. आणि त्यांच्याकडे गाडी होती! एक साहेब बदली होऊन जाताना ती भंगाराच्या भावात देऊन गेला होता. शेवाळी रंगाची, दोन दारांची, विलायती. दोन वर्षं प्रत्येक रविवारी मामा तिच्याखाली पाठीवर पडलेले असायचे आणि नुसते पाय दिसायचे. पुढे ती सुरू झाली तेव्हा गावातले लोक नाक मुरडत म्हणाले, "फिटरला गाडी कशाला लागते?"

कशाला, ते आम्हाला माहीत होतं. मामींना त्यांच्या लग्नात, गावाकडे, वेशीपासून चपला हातात घेऊन चालावं लागलं होतं. आपल्या माणसांनी तिथून पायात घालून जायचं नाही, असा रिवाज. मामा ते कधी विसरले नाहीत. वस्तीतली प्रत्येक मुलगी मांडवात गाडीत बसून जाईल आणि एक दिवस आपली लेक सुमनही जाईल, एवढ्यासाठी त्यांनी ती गाडी उभी केली होती. नवरी पुढच्या सीटवर बसायची, मागे नाही. पेट्रोलचे पैसेसुद्धा घ्यायचे नाहीत. कोणी दिलेच तर म्हणायचे, "पैशे घेतले की टॅक्सी झाली. तिचा टॅक्स येगळा असतो, बाबा."

टॅक्सचं मामांना भारी कौतुक. भरल्याचं गोल टोकन काचेवर लावलं की लांब उभे राहून बघायचे. "सरकारदरबारी नाव लागलं आपलं," म्हणायचे. पण एका वर्षी सरकारने गाड्यांचा वार्षिक टॅक्स वाढवला. पेट्रोलही महागलं होतं, ओव्हरटाइम बंद होता. बंगलेवाल्यांनी कपाळाला आठ्या घालून भरला असेल. मामांकडे भरायला होतं काय? तेव्हा कोणीतरी सांगितलं की गाडी वापरत नाही असं आधी लिहून दिलं तर तेवढ्या काळाचा टॅक्स माफ होतो. मामांनी तो फॉर्म आणला, तीनदा वाचला आणि सही केली. तेव्हापासून एप्रिल ते जून गाडी चालायची, बाकी नऊ महिने ताडपत्रीखाली. आमच्यात मुहूर्ताची भानगड नाही, त्यामुळे लग्न ठरवताना लोक पंचांगाऐवजी मामांचं टोकन बघायचे. हसायचो आम्ही, पण सगळी लग्नं खरंच त्या तीन महिन्यांत व्हायला लागली.

माझं तेवढं झालं नाही. माझा नवरा फौजेत, त्याला सुट्टी मिळाली ती डिसेंबरात. मामांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पोरी, गाडी न्हाई निघायची. सही केलीया."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची आणि तोंडाची फटकळ. लहानपणापासून मी प्रत्येक नवरीच्या गाडीमागे पळाले होते, आता माझी पाळी आली तर ताडपत्री? मी जेवण सोडलं. दादांनी समजावलं, आईने दोन धपाटेही घातले, पण मी काही ऐकेना. शेवटी मामा स्वतः आले, तर मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "माझ्या जागी सुमन असती तर काढली असती ना गाडी? मी परक्याची पडले." मामा खाली बघत बसून राहिले. आज हे लिहितानाही मला माझ्या जिभेची लाज वाटते.

तोड काढली ती दादांच्या खात्यातल्या एका पोराने. "इंजिन चालूच करायचं न्हाई. आमी ढकलतो की, राव! ढकलली म्हंजे काय चालवली व्हय?" सगळ्यांना पटलं. मामांनाही पटलं. खरं तर पटवून घेतलं त्यांनी, माझ्यासाठी. आयुष्यात एकदाच ते कागद पुन्हा न वाचता हो म्हणाले.

काय थाट होता सांगू! मी पुढच्या सीटवर, मामा स्टिअरिंगला, आणि मागे वस्तीतली वीस-पंचवीस पोरं घामाघूम. पहिल्या शिफ्टहून सुटलेले लोक सायकली टाकून हात लावायला आले. बँडवाले पुढे, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे सनई कशी स्वच्छ ऐकू येत होती. मोशीहून ट्रकने आलेली माझी सासरची माणसं तोंडात बोटं घालून बघत राहिली. मी खुशीत होते. मामांकडे वळून बघायचंही मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी फॉर्मची नक्कल काढून वाचली. त्यात 'चालवणार नाही' एवढंच नव्हतं. सार्वजनिक रस्त्यावर आणणार नाही, असं लिहिलं होतं. पुढचं मला दादांनी सांगितलं, कारण मामा त्यांनाच बरोबर घेऊन पुण्याच्या आरटीओ कचेरीत गेले. हाताने लिहिलेला अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला: अमुक दिवशी गाडी घरापासून मांडवापर्यंत रस्त्यावर आली, इंजिन बंद होते, चूक माझी आहे. कारकून हसायला लागला. "अहो, कोणी पाहिलंय? घरी जा मामा." मामा म्हणाले, "मी होतो ना गाडीत."

मग कायद्याने व्हायचं ते झालं. साऱ्या वर्षाचा टॅक्स आणि वर दंड. तोही त्यांनी हातापाया पडून कुठून तरी उभा केला असता, दादा म्हणाले, पण खरी अडचण पुढेच होती. नऊ महिन्यांचा तो फॉर्म भरल्याशिवाय गाडी ठेवणं परवडणारं नव्हतं, आणि मामा काही तो भरेनात. "एकदा सही खोटी पाडली. आता कुठल्या तोंडानं तेच लिहून देऊ?" दादा त्यांच्याशी भांडले, कंपनीतल्या साहेबानेही समजावलं. मामींनी तर सुमनची शपथ घातली. व्यर्थ. मार्च संपायच्या आत गाडी चिंचवडच्या एका गॅरेजवाल्याला विकली गेली. मी सासरी होते. मला आईच्या पत्रातून कळलं, आणि मी मामांना दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. काय लिहिणार होते?

त्याच वर्षी मे महिन्यात सुमनचं लग्न झालं.

मी आले होते. ऊन मी म्हणत होतं. मामांनी धुवट सदरा घातला होता आणि सुमनच्या डोक्यावर छत्री धरून ते तिच्या एका बाजूने चालत होते, दुसऱ्या बाजूने मी. मामी मागे होत्या, पदर तोंडाला लावून. माझ्या वेळी गाडी ढकलणारी पोरं कडेने मुकाट चालत होती, कोणाच्या हाताला काही काम नव्हतं. अर्ध्या वाटेवर मला राहवेना. मी म्हणाले, "मामा, माझ्यामुळं झालं हे." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही माझी व्हती, पोरी." एवढंच. छत्री तेवढी त्यांनी थोडी माझ्याही बाजूला सरकवली.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पुढे टॅक्स एकरकमी भरायची सोय झाली, आमच्या वस्तीतल्या घराघरांसमोर गाड्या आल्या. माझ्या मुलाकडेही आहे. मी कधी पुढच्या सीटवर बसत नाही. तो चिडवतो, "आई, मागे बसून साहेबीण व्हायचंय का तुला?" मी त्याला कारण सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मांडवाच्या दारात सुमनने माझा हात घट्ट धरला होता. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, पाऊल धुळीने भरलं होतं. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, तुला तरी बसायला मिळालं. बरं झालं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता गं बाई, अजिबात नव्हता.