कोंडीचा फ्रीज

चांगो ग्रामपंचायतीचा शिपाई. सव्वीस वर्षं त्याने पंचायतीचं कुलूप उघडलं आणि लावलं. घरकुलाचं मोजमाप निघालं की टेपचं एक टोक धरून तो उभा राहायचा. दुसरं टोक साहेबाच्या हातात. ग्रामसभेत त्याची जागा दाराशी. रजिस्टर फिरवायचं, अंगठे घ्यायचे, चहा द्यायचा. बोलणं हे त्याचं काम नव्हतं आणि त्याचं त्याला कधी काही वाटलंही नाही. पण कुठल्या घराचा कुठला वासा कुजलाय हे सरपंचापेक्षा त्याला जास्त ठाऊक.

डोंगराखालच्या ठाकरवाडीत कोंडी राहायची, एकटी विधवा बाई. कुडाच्या भिंती, वर कौलं कमी आणि प्लास्टिक जास्त. पण ती रडायची ते उंदरांपायी. भाताचं बियाणं कणगीत भरावं, तर पेरणीपर्यंत निम्म्याचा भुसा झालेला असायचा. चांगोच्या ते जिवाला लागलं. मोहोपाड्याला एका कॉलनीच्या भंगारात त्याला जुना फ्रीज दिसला. मागून-पुसून त्याने तो टेंपोत घातला, पायथ्याशी उतरवला आणि वाडीतल्या दोघांना हाताशी धरून वर चढवला. मशीन काढलेलं, वायर कापलेली. दार मात्र असं घट्ट, की मुंगी आत शिरायची नाही. कोंडीच्या घरात वीज कुठली असायला! वाडीच्या लेखी फ्रीज म्हणजे बियाणं ठेवायचं कपाट, आणि ते फक्त कोंडीकडे. तिचा तोरा काय वर्णावा, आल्यागेल्याला दार उघडून दाखवायची.

मग पंचायतीत सर्वेक्षण आलं. पक्कं घर कोणाला नाही, त्यांची यादी करायची होती. तालुक्याहून हर्षला नावाची मुलगी मोबाइल घेऊन आली आणि वाट दाखवायला अर्थातच चांगो. कोंडीच्या दारात उभं राहून हर्षला एकेक प्रश्न वाचत होती, हो-नाही दाबत होती.

"घरात फ्रीज आहे का?"

कोंडीने चांगोकडे पाहिलं.

"सांग गं, जे हाय ते सांग. काय व्हत नाय," चांगो म्हणाला. खरं सांगायचं तर गड्याला मिरवायचं होतं.

"हाय ना! दादानीच दिलाय," कोंडी म्हणाली.

हर्षलाने 'हो' दाबलं आणि बाहेरूनच फोटो काढला. वाईट नव्हती बिचारी, पण दिवस मावळायच्या आत तिला आणखी तीस घरं करायची होती.

पुढच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी अपात्र नावं वाचली. कोंडीचं नाव आलं, कारण 'घरात फ्रीज'. चहाचा ट्रे चांगोच्या हातात तसाच राहिला. आपण दिलेल्या वस्तूने आपल्याच डोळ्यांदेखत बाईचं घर नेलं, हे त्याला कळलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

त्यानंतरच्या सभेला चांगो वाडीवरूनच आला. फ्रीज बांबूला बांधलेला, पुढे एक गडी, मागे तो स्वतः. आजाऱ्याला डोलीतून खाली आणतात तसा. लोक हसले. चांगोने फ्रीज ग्रामसेवकांच्या टेबलासमोर ठेवला, दार उघडलं आणि बियाण्याची पिशवी बाहेर काढली.

"ह्यो फ्रीज मी दिलाय. वायर दाखवा मला ह्याची, कुठं हाय? उंदरांपासून भात राखायला दिलाय. चूक माझी हाय, तिची नाय. तिचं नाव घाला."

नोकरीला लागल्यापासून तो पहिल्यांदा सभेत बोलला होता. हसणं थांबलं, ठराव एकमताने झाला. पण ठराव तालुक्याला गेला, तिथून वर गेला आणि उत्तर आलं, की कापलेलं नाव पुढच्या सर्वेक्षणाशिवाय घालता येत नाही. नाव एका बोटाने कापलं गेलं होतं, परत यायला सहा वर्षं लागली. मधे एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि कोंडी दोन महिने शाळेच्या पडवीत राहिली. चांगो तिच्यासमोर जायचं टाळायला लागला.

नवं सर्वेक्षण आलं, तेव्हा फ्रीजची अटच निघून गेली होती. कोंडीचं नाव लागलं. गेल्या वर्षी घर उभं राहिलं, विटांचं, पत्र्याचं. घर पुरं झाल्याचा शेवटचा फोटो काढायला ग्रामसेवक चांगोला घेऊन वर गेले. ठेवणीतलं लुगडं नेसून कोंडी दारात ताठ उभी राहिली. फोटो झाला, साहेब पुढच्या घराकडे गेले. चांगोला बरं वाटलं, मोठं ओझं उतरल्यागत. पाणी प्यायला तो आत गेला, आणि फ्रीज दिसेना.

तो घरामागे सापडला. करवंदीच्या जाळीत आडवा घातलेला, वर पाला टाकलेला. आडवं पडून दार फाकलं होतं. चांगोने आत हात घातला, तर बियाण्याच्या जागी मुठीत भुसा आला.

"अगं कोंडी, ह्यो हितं कवापासून?"

"आठ दिस झालं. फोटू काढाया येनार म्हनले ना. परत नाव कापतील."

"आता नाय कापत. काय व्हत नाय गं."

"तवा बी तुमी ह्येच बोललावता, दादा," कोंडी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मूठ मिटलेली ठेवून चांगो तसाच तिथे उभा राहिला.