पहिल्या फेरीचा गुलाल

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही अजून पुरती चढून झालेली नाही. इथे कॅनडात वीस-वीस वर्षं काढलेली माणसं असताना घर सोडण्याबद्दल मी काय लिहावं? राजकारणाबद्दल तर त्याहून नाही. तरी लिहितोय, कारण ज्यांना सगळं कळतं त्यांचं ऐकून ऐकून माझे कान किटलेत. गावाकडच्यांनी वाचावं आणि माझ्यासारखे इकडे आलेत त्यांनीही वाचावं. राग आला तर दोघांनाही यावा.

मी निघालो त्या दिवशी आई एसटी स्टँडवर उशिरा आली. ती अंगणवाडीत मदतनीस होती, आणि पोरांना खिचडी वाढल्याशिवाय तिला निघता येईना. गाडी सुरू झाली होती तेव्हा धापा टाकत पोहोचली आणि खिडकीतून माझा हात धरला. तिच्या हाताला हळदीचा वास होता. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "लोकाच्या घरात राहायचंय. त्यांच्या बोलण्यात तोंड घालू नको. विचारलं तर सांग, आणि खरं सांग." वडील मागे उभे होते. ते टेम्पो चालवतात. त्यांनी फक्त बॅग नीट ठेवली ना, एवढंच विचारलं, तेही दोनदा.

लोकाचं घर मिळालं ते व्हिटबीत. मिलिंदकाका आणि शिल्पाकाकूंच्या बेसमेंटमध्ये मी राहतो. काका पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. काकू उरलेली भाजी डब्यात घालून खाली पाठवतात. पहिल्या बर्फात शोव्हल कसं करायचं, म्हणजे फावड्याने बर्फ कसा ओढायचा, ते मला काकांनीच शिकवलं. तेव्हापासून दारासमोरचा ड्राइव्हवे मीच साफ करतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार शनिवारची आहे.

शनिवारी वर बैठक बसते. ओकव्हिलहून अजितकाका येतात, कधी मार्कहॅमची मंडळी येतात. मला चहा न्यायला आणि खुर्च्या लावायला बोलावतात, मग म्हणतात, "बस रे अमोल, तूही बस." मी जिन्याजवळच्या स्टुलावर बसतो आणि आईने सांगितल्याप्रमाणे गप्प राहतो.

त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या प्रायमरी चालू होत्या. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, हे ठरवायला तिथे एकेका राज्यात आधी मतदान होतं. सुरुवात एक-दोन छोट्या राज्यांपासून होते, आणि तिथले आकडे आले की टीव्हीवरची माणसं सांगायला लागतात की हा आता देश जिंकणार आणि तो संपला. टीव्हीवरच्यांना त्याचा पगार मिळतो. आमच्या दिवाणखान्यातले लोक हे फुकटात करत होते.

"पहिल्या दोन राज्यांत तिसरा आला ना? संपला विषय," अजितकाका सोफ्यात रेलून म्हणायचे. "मोमेंटम म्हणतात त्याला. डोनर लोक पळतात."

"असं नसतं अजित. ती राज्यं म्हणजे अमेरिका आहे का? सगळी शेतकरी, सगळी गोरी. मोठ्या राज्यांत बघ काय होतं ते," मिलिंदकाका हरकत घ्यायचे. आणि लगेच स्वतःच मान हलवायचे. "पण एक आहे. माणूस कितीही चांगला असला तरी इलेक्टेबल नाही."

इलेक्टेबल. हा शब्द मी इथे शिकलो. डिक्शनरीत अर्थ बघितला, निवडून येण्याजोगा. पण त्या खोलीत त्याचा अर्थ वेगळा होता. नीट ऐकलं की कळायचं, मला तो पटत नाही असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळे म्हणायचे, "मला चालेल रे, पण लोकांना चालणार नाही." लोक म्हणजे कोण, ते कुणी सांगत नसे. स्वतःचा नकार दुसऱ्याच्या तोंडी घालायचा आणि आपण समंजस म्हणून मिरवायचं. असं बोलणाऱ्यांची मला कीव येते, असं मी लिहिणार होतो. पण आईने खरं सांगायला सांगितलंय. कीव नाही, मला ते लोक तुच्छ वाटतात.

काकांची मुलगी ईशा इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. एकदा फ्रिजमधून ज्यूस काढता काढता ती म्हणाली, "डॅड, यू गाइज कान्ट ईव्हन व्होट देअर." सगळे हसले. कुणीतरी "स्मार्ट गर्ल" म्हणालं, आणि चर्चा पुढे चालू.

हसण्यासारखं त्यात काय होतं, मला कळलं नाही. काका कॅनडाचे नागरिक होऊन बरेच दिवस झाले. इथल्या टाउन कौन्सिलच्या मतदानाचं कार्ड घरी आलं होतं आणि फ्रिजवर मॅग्नेटखाली महिनाभर लटकत होतं. मतदान ईशाच्या शाळेत, रस्ता ओलांडला की समोर. त्या दिवशी काका विंटर टायर बसवून घ्यायला गेले. संध्याकाळी मी काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अरे, त्या लोकल लोकांना ओळखतं कोण?" ज्यांना आपली गल्ली कोण चालवतं हे माहीत नाही, ते परक्या देशाचा अध्यक्ष ठरवत होते.

याच दिवसांत गावाकडून फोन आला की आई सरपंचपदाला उभी राहतेय.

आमची गट ग्रामपंचायत आहे. खाली गावठाण आणि वर डोंगरात विखुरलेल्या वाड्या. सरपंचाला सगळे मतदान करतात. या वेळी जागा बाईसाठी राखीव निघाली. एका पॅनलमधून आधीच्या सरपंचांची सून उभी होती. दुसऱ्या पॅनलला कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी आईला विचारलं. उभं राहायचं तर अंगणवाडीचा राजीनामा द्यावा लागेल, असं तिला सांगण्यात आलं, आणि तिने तो देऊनही टाकला. म्हणजे हरली तर सरपंचपद नाही आणि खिचडीचं पातेलंही नाही. एवढी वर्षं ज्या कामासाठी ती पहाटे उठायची, ते दुसऱ्या बाईकडे जाणार होतं. मी फोनवर म्हटलं, "आई, आधी विचारायचंस तरी." ती म्हणाली, "तू जाताना विचारलंस का?"

खरं म्हणजे मी विचारलं होतं. पण तेव्हा माझं तिकीट काढून झालं होतं.

गावात काय चाललंय ते चुलतभाऊ संतोषदादा कळवायचा. तो समोरच्या पॅनलमध्ये होता, पण नातं म्हणून मेसेज टाकायचा. "काकू चांगल्या आहेत रे," त्याने लिहिलं, "पण अंगणवाडीची मदतनीस सरपंच म्हणून लोकांना चालंल का?" मी तो मेसेज परत परत वाचला. गावातल्या विकास सोसायटीच्या ओट्यावरही अगदी तोच शब्द. व्हिटबीचा गालिचा काढून खाली शेणाने सारवलं असतं तर ओळखू आलं नसतं, मी कुठे बसलोय.

एका शनिवारी मी नको ते केलं. काकूंनी घरचं कसं काय विचारलं आणि मी सांगून टाकलं. खोलीत एकदम उत्साह आला. अमेरिकेपेक्षा हे चविष्ट निघालं.

"अरे वा! मग तुझ्या आईचं पहिलं राज्य कुठलं?" मिलिंदकाका म्हणाले.

"वॉर्ड एक," मी म्हटलं. "गावठाण. आमचं घर त्यातच आहे. मोजणी तिथूनच सुरू होते."

"परफेक्ट. होम वॉर्ड!" अजितकाका सरसावून बसले. "तिथे लीड मिळाला तर चान्स. नाहीतर फर्गेट इट. वाड्यांवरचे लोक कशाला देतील एका मदतनीस बाईला मत?"

"अजित, हळू," काकू म्हणाल्या.

"अगं, मी ॲनालिसिस करतोय. बाई चांगलीच असणार. पण इलेक्टेबल?"

माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. वाडी म्हणजे काय, हेही बहुधा पाहिलेलं नव्हतं. मी चहाचे कप उचलले आणि सिंकमध्ये धूत उभा राहिलो. धुतलेले कप परत धुतले.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती इथे सांगतो. मागच्या निवडणुकीत वडिलांच्या पॅनलला वॉर्ड एकमध्ये आघाडी मिळाली. मोजणी तहसील कचेरीत होती, बाहेर माणसं ताटकळत होती. आकडा ऐकला आणि वडिलांनी टेम्पोतलं गुलालाचं पोतं फोडलं. नाचले, उधळला, हलगीवाल्याच्या तोंडातही गेला. मग वाड्यांची मशीनं उघडली आणि पॅनल आपटलं. तसेच गुलाबी होऊन ते घरी आले. आईने पाणी तापवलं. कानामागचा रंग आठवडाभर निघाला नाही; टेम्पोत बसणारा प्रत्येक जण आधी कानाकडे बघायचा. आमच्याकडे हे दर निवडणुकीला कुणाचं तरी होतंच, आणि तरी पुढच्या वेळी लोक खिशात पुडी घेऊनच जातात. वडिलांनी मात्र तेव्हापासून एकच धरलं, "शेवटचं मशीन उघडेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

गावची मोजणी रविवारी सकाळी होती, म्हणजे इथे शनिवारचं जेवण आटोपता आटोपता. त्याच संध्याकाळी अमेरिकेतल्या एका राज्याचेही निकाल होते. टीव्हीवर नकाशे रंगत होते. पाहुणे निघाले, दारात बूट आणि जॅकेट चढवणं चालू असताना माझा फोन वाजला. संतोषदादा. वॉर्ड एक. आई मागे होती. थोडीथोडकी नाही, चांगलीच मागे. खाली फोटो, कचेरीबाहेर समोरच्या पॅनलची पोरं गुलालात न्हालेली, आणि त्यांत दात काढून हसणारा दादा.

माझा चेहरा बघून काकूंनी विचारलं. मी सांगितलं.

"ओह," अजितकाका ग्लव्हज घालत म्हणाले. "स्वतःच्या वॉर्डात हरली? मग संपलंच रे. सॉरी."

"वाईट वाटून घेऊ नकोस. ट्राय केलं ना तिने," मिलिंदकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग विचारलं, "तुला काय वाटतं? खरं सांग."

इतक्या शनिवारांत कुणी पहिल्यांदाच मला विचारलं होतं.

"काका, अजून मोजणी संपली नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही ज्यांना लोक म्हणता ना, त्यांना अजून कुणी मोजलेलंच नाही. तुम्ही स्वतः तर समोरच्या शाळेतसुद्धा गेला नाहीत."

अजितकाकांनी जॅकेटची झिप वरपर्यंत ओढली. "सेंटिमेंटल आहे पोरगा," ते म्हणाले, "डेटा इज डेटा." आणि गाडी गरम करायला बाहेर गेले. जिन्यावरून ईशाचा आवाज आला, "ही इज राइट, डॅड." काकूंनी दार लावून घेतलं.

त्यानंतर गावाकडून काही आलं नाही. वडिलांचा फोन बंद. आईचा बंद. मिनिटामिनिटाला मेसेज टाकणारा दादाही गप्प. हरल्याचं सांगवत नसेल, असं मी धरलं. तोंडाने काकांना ऐकवलं खरं, पण मनातून मीही पहिल्या फेरीवरच निकाल लावून मोकळा झालो होतो.

रविवारी सकाळी कॉफी शॉपमध्ये माझी शिफ्ट असते. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. बेगल भाजताना डोक्यात एकच विचार, आमच्या गल्लीतल्या कुठल्या कुठल्या घरांनी आईला मत दिलं नाही. त्या घरांतली पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन शाळेत गेली. इथे कुणी विचारलं की मी सांगतो, होम म्हणजे आमचं गाव, आणि डोळ्यांसमोर तीच गल्ली येते. वर ठाकरवाडी आहे, तिथे आई आहाराची पिशवी घेऊन वर्षानुवर्षं चढत गेली. "चल एकदा," म्हणायची. मी कधी गेलो नाही. चढ फार आहे म्हणायचो. इकडे यायला मात्र समुद्र ओलांडला. ज्यांना मी घर म्हणत होतो, त्यांनीच तिला सांगितलं होतं की तू आम्हाला चालशील, पण लोकांना नाही. परत जाईन तेव्हा त्या गल्लीत कुणाच्या दारात चहा घेऊ, ते मला ठरवता येईना.

ब्रेक झाला. लॉकर उघडला. संतोषदादाचं काहीच नव्हतं. वडिलांचा व्हॉइस मेसेज होता. आधी नुसता वाऱ्याचा आवाज, मग हलगी, मग वडील: "शेवटचं मशीन उघडलं. आता बोलतो. तुझी आई आली निवडून. संतोष कान धुतोय."

त्याखाली आईचा. दम लागलेला, एसटी स्टँडवर आली होती तसाच.

"अमोल, आपल्या वॉर्डानं नाही दिलं रे. वाड्यांनी भरून काढलं. खाली सगळे थांबलेत मिरवणुकीला. मी म्हटलं, गावात उद्या बघू, आधी ठाकरवाडी. चढतेय आता. वर रेंज नाही, फोन करू नको. जेवलास का?"