रंधा मारलेलं दार

“ह्या घरात मी हात लावला नाय, तेवढंच काय ते धड हाय,” असं भरत उतेकर सांगायचा, आणि समोरच्यानं हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायचा.

मुंबईत एका जुन्या इमारतीत तो लिफ्टमन होता. जन्मभर परक्यांसाठी दार उघडलं, परक्यांसाठी लावलं. निवृत्त होऊन गावी, कुडपणला आला, तेव्हा पहिल्याच दिवशी बायकोला, ललिताला, सांगून बसला की आता पोलादपूरहून सुतार नको न् गवंडी नको, घरात पुरुष आलाय. ललिता तांदूळ निवडत होती. ती नुसतं बरं म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. त्या एका ‘बरं’चा अर्थ लावण्यात भरतचा आठवडा गेला.

बोलून बसल्यावर काहीतरी दुरुस्त करणं भागच होतं. कुडपणला रेंज मिळते ती पठाराच्या कडेला. तिथं दगडावर बसून तो मोबाईलवर व्हिडिओ बघायचा. त्यातली माणसं इस्त्रीच्या कपड्यांतली आणि त्यांच्या भिंती सरळ. घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायचं, आणि उरलेलं निम्मं इथल्या भिंतीला मान्य नसायचं. त्यानं वायसर बदललेला नळ आधी थेंबथेंब गळायचा, तो आता धार धरून गळू लागला. त्यानं ठोकलेल्या फळीवरची भांडी हळूहळू एका टोकाला सरकत. शोधायला बरं, सगळी एका कोपऱ्यात सापडतात, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगे. ललिता काही म्हणत नसे. तिचं काही न म्हणणं त्याला रात्रंदिवस ऐकू येई.

मग श्रावणात पुढचं दार चौकटीत अडकायला लागलं. खांदा लावल्याशिवाय हलेना. भरतला आनंद झाला. औषध ठाऊक असलेला हा पहिलाच आजार होता. महाडच्या बाजारातून त्यानं रंधा आणला, आणि ललिता नाचणीच्या शेतात गेलेली बघून दार बिजागरीवरून उतरवलं. पडवीभर भुगा आणि सालपटं पडली. ती परतली तेव्हा दार एका बोटानं मिटत होतं. त्यानं ते पुन्हापुन्हा उघडून-लावून दाखवलं, जणू आत कुणाला वरच्या मजल्यावर जायचं होतं. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा ललितानं दाराच्या तासलेल्या कडेवरून हात फिरवला. हात धुवा, भाकरी वाढते, एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर लाकूड सुकलं. पावसात पाणी पिऊन फुगलेलं दार आपल्या मापावर आलं, आणि ते माप आता चौकटीपेक्षा बरंच लहान होतं. कडी लावलेली असतानाही शेजारच्या चांगूची मांजर खालून आत यायची, चूल बघायची आणि निघून जायची.

“भरतदा, लिफ्टचं दार बरं रे,” चांगू म्हणाला. “फुगत नाय, आटत नाय.”

“मांजरीला सांग, वरचा मजला बंद हाय,” भरत म्हणाला. दोघं पोट धरून हसले. दुपारी भरतनं फटीवर लाकडी पट्टी ठोकली. तीही नव्या, ओल्या लाकडाची.

पुढच्या आषाढात पट्टीसकट दार फुगलं. एके सकाळी ते लागलं, ते लागलंच. आतून भरत ओढतोय, बाहेरून चांगू ढकलतोय, आणि दार मात्र आपण पूर्वी झाड होतो हे आठवल्यासारखं उभं. दम लागला तसा भरत खाली बसला.

“रंधा कुठं हाय गो?”

“कणगीत, भाताच्या खाली. मीच टाकला,” चुलीपासून ललिता म्हणाली.

तो सवयीनं हसला. “मग बोलव सुताराला. सांग, घरात पुरुष हाय, पण उपेगाचा नाय.”

ललिता हसली नाही. “सुतार पण नको. हे दार पाऊस लागला की मिटतं न् दसऱ्याला आपसूक सुटतं. दरसाल. मी कधी जोर नाय लावला. मागल्या दारानं जायाचं न् यायाचं.”

तिला मागून ये-जा करताना तो रोजच बघत होता. गोठा मागं आहे म्हणून, असं त्याला वाटायचं.

“मला कधी बोलली नाय तू.”

“तुमी शिमग्याला यायचात, मे महिन्यात यायचात. तेव्हा दार धड असायचं.” तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. “पावसात तुमी हितं कधी व्हतात?”

स्वतःवर मारायला एखादा विनोद भरतपाशी नेहमीच तयार असे. तो आला नाही. बाहेरून चांगू विचारत होता, परत जोर लावू का म्हणून.

भरत उठला, अंधाऱ्या माजघरातून मागं गेला आणि मागल्या दारानं पावसात बाहेर पडला.