ड्राइव्हवेवरची होडी

परदेशातल्या आमच्या या मंडळात तालमीशिवाय काही होत नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात दोन मिनिटांचं आभारप्रदर्शन असलं, तरी आदल्या रविवारी त्याची रंगीत तालीम होते, आणि माइक नसला तर हातात लाटणं धरून होते. व्यवस्था समितीचा प्रमुख मी. मला कुणी निवडलं नाही, पण सतरंज्या, खिरीचं मोठं पातेलं आणि लांब वायरीचे एक्स्टेंशन बोर्ड माझ्या गॅरेजमध्ये राहतात, त्यामुळे पद आपोआप माझ्याकडे आलं. माझी गाडी मात्र बारा महिने बाहेर उन्हात असते.

त्या गॅरेजात गेल्या वर्षी एक होडी आली. आमच्या शेजारचे एक गोरे, इथलेच आजोबा घर विकून मुलीजवळ राहायला निघाले होते. त्यांची जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी, जिला इथे टिनी म्हणतात, ती ट्रेलरवर पडून होती. एके दिवशी कुंपणावरून म्हणाले, "टेक हर, मेट. शी स्टिल फ्लोट्स." मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी मेनिंडीच्या तळ्याची गोष्ट सुरू केली. ब्रोकन हिलच्या बाजूला, लाल मातीच्या वाळवंटात, पलीकडचा काठ दिसू नये एवढं तळं. पाण्यात वाळून उभी राहिलेली झाडं, त्यांवर पाणपक्षी. पलीकडच्या काठाला रस्ताच जात नाही. होडीत तंबू टाकायचा, हळूहळू जायचं आणि वाळूवर मुक्काम करायचा. तरुणपणी ते दर वर्षी जायचे. ऐकता ऐकता मी हो म्हणून बसलो.

बायको होडीकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आधी सुपरमार्केटमधली ट्रॉली सरळ नेऊन दाखव."

तिचं अगदीच चूक नव्हतं. ट्रेलर मागे घ्यायचा म्हणजे स्टिअरिंग उलटं फिरवायचं, हे मला समजत होतं, हातांना समजत नव्हतं. आमच्या गल्लीत मी सराव करू लागलो की समोरचे पंजाबी भाईसाब आपली गाडी उचलून दुसऱ्या गल्लीत लावून यायचे. पण मी होडी चालवायचं लायसन्स काढलं, लाइफ जॅकेटं आणली, आणि एप्रिलअखेरच्या अँझॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या जोडसुट्टीत जायचं ठरवलं. जयंती उरकली की निघायचं.

आई तेव्हा नांदेडहून आमच्याकडे आलेली होती. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. आता दोन्ही गुडघे बदललेले आहेत, जीभ मात्र मूळचीच आहे. तिला मी फोनवर तळ्याचा नकाशा दाखवला.

"वाळवंटात तळं? पाणी कुठून येतं?"

"लांब वर पाऊस पडला की नदीतून येतं. कधी भरतं, कधी पार कोरडं पडतं. यंदा भरलंय."

"आणि पुढच्या वर्षी?"

"काही सांगता येत नाही."

तिने नकाशा मोठा करून मधला निळा भाग बघितला. "होडीत कोण कोण?"

मी जरा घसा साफ केला. होडीत मी, बायको आणि मुलगी. आईसाठी गावात छान मोटेल बघितलं होतं. एसी, टीव्ही, समोर बाग. आमच्या मंडळातल्या एक काकू सोबतीला यायला तयार होत्या. होडीत चढायचं म्हणजे पाय उंच टाकावा लागतो, काठावर चिखल, गुडघ्यांना काही झालं तर त्या रानात डॉक्टर कुठून आणायचा? हे सगळं मी समजावून सांगितलं, आणि मला वाटतं चांगलं सांगितलं.

"बरं," आई म्हणाली.

आईच्या या 'बरं'ला शाळेत हेडमास्तर घाबरायचे. ती 'बरं' म्हणाली की ते आपलाच हुकूम पुन्हा एकदा वाचून बघायचे. मला त्याची आठवण तेव्हाच व्हायला हवी होती. पण माझ्या डोक्यात व्यवस्था होती.

दोन रात्रींचा मुक्काम आणि माणसं तीन, पण मला जयंतीखेरीज दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाची व्यवस्था येतच नाही. सतरंज्या घेतल्या. पातेलं घेतलं, कारण त्यात सगळं सामान बसतं असं मी म्हणालो. गॅसची शेगडी, पिण्याच्या पाण्याचे कॅन, वीज नसलेल्या जागी एक्स्टेंशन बोर्डसुद्धा. बायकोही कमी नाही. तिने ज्वारीचं पीठ, ठेचा, भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी आणि सुकटीची भलीमोठी बरणी बांधली.

मुलगी अकरावीत आहे. तिने बरणीचं झाकण उघडून नाक धरलं. "आई, वी आर टेकिंग ड्राय फिश टू अ लेक?"

"तुझे बाबा मासे धरणार आहेत," बायको म्हणाली. "म्हणून सुकट लागेल."

याच सुमाराला माझ्या मेथीवर संकट आलं. मागच्या अंगणात पत्र्याचा एक उंच वाफा आहे, कमरेला येईल एवढा. त्याची एक बाजू हिरवळीकडे आणि दुसरी मागच्या डेकला, म्हणजे मागच्या दाराशी असलेल्या तेवढ्याच उंच लाकडी ओट्याला टेकलेली. तिथे मी मेथी लावली होती. कोवळी पानं वर आली आणि कुणीतरी ती तुडवायला लागलं. रोज ऑफिसातून आलो की बघायचं, मधोमध एक वाट पडलेली. मी ठरवून टाकलं की हे पोसमचं काम, म्हणजे रात्री बागा खात फिरणाऱ्या इथल्या मांजराएवढ्या प्राण्याचं. त्या प्राण्याला आमच्या भागात कशाचंच भय नाही.

"पोसम एवढी सरळ वाट पाडतो का रे?" आईने विचारलं.

"इथले पोसम शिस्तीचे असतात," मी म्हणालो.

मुलगी खोकत खोकत आत निघून गेली. मी वाफ्यात मूठभर लाल तिखट भुरभुरलं, तेही आपल्याकडचं कांदा-लसूण घातलेलं नव्हे, साधं झणझणीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर आई थंड पाण्याच्या टबात पाय सोडून बसलेली. म्हणाली, अंगात उष्णता झाली आहे, तळपाय भगभगतात. मी तिला सब्जा भिजवून दिला आणि पोसमवर आणखी काय उपाय करावा याचा विचार करत राहिलो. तिथेच कळायला पाहिजे होतं, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही.

जयंती थाटात झाली. पुढच्या रविवारी सकाळी मी होडीची रंगीत तालीम ठेवली. ट्रेलर गॅरेजातून ओढून ड्राइव्हवेवर आणला, चाकांना विटा लावल्या, आणि ठरवलं की निघायच्या दिवशी जसं सामान भरायचं तसंच आज भरून बघायचं. होडीच्या आत एक लहानशी पट्टी असते. किती माणसं आणि किती वजन ते तिच्यावर लिहिलेलं असतं. मी पट्टीकडे दुर्लक्ष करून आधी तंबू ठेवला, मग कॅन, मग शेगडी, मग सतरंज्या. पातेलं मधोमध. बायको आत चढली तर तिला बसायला जागा नव्हती, ती पातेल्यात पाय ठेवून उभी राहिली. सुकटीची बरणी तिच्या कडेवर.

समोरचे भाईसाब चहाचा कप घेऊन बाहेर आले. "भाईसाब, सब ठीक है," म्हणाले, "बस पानी किधर है?"

"पाणी तिथे आहे," मी म्हणालो, "आम्हीच मावत नाही."

तेवढ्यात घराचं दार उघडलं. आई बाहेर आली. पांढरी साडी, पायांत माझ्या मुलीचे स्पोर्ट्स शूज, आणि साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट, सगळी बक्कलं नीट लावलेली. मागे मुलगी, तिच्या एका हातात प्लास्टिकचं स्टूल, दुसऱ्या हातात बादली. दोघींची चाल अशी, की मला वाटलं व्यासपीठावर बोलावलं की काय.

"आई, तू कुठे?"

"तालमीला."

"अगं, तुझं मोटेलचं ठरलंय ना!"

"तुझं ठरलंय," आई म्हणाली. मग बायकोकडे बघून, "ते पातेलं उतरव गं. खीर करायची आहे का तिथे?"

बायकोने पाय बाहेर काढून पातेलं असं झटकन माझ्या हातात दिलं, की मला कळलं, कट जुना आहे. मला राग आला. खरंच आला. आई पडली तर काय, या भीतीला राग म्हणायची मला सवय आहे. मी आवाज चढवून म्हणालो, "कशासाठी हा हट्ट? तळं काठावरून दिसत नाही का?"

"काठावरून दिसतं," आई म्हणाली. "काठावरून लई बघितलंय."

ती स्टुलावर टेकली. गावच्या तळ्याची गोष्ट आमच्या घरात नवी नाही. आमच्या लोकांनी खालच्या अंगाला सांडव्याजवळच पाणी भरायचं, वरच्या पायऱ्यांना शिवायचं नाही, हे आई दर जयंतीला भाषणात सांगते. लोक ऐकतात, कुणी डोळे पुसतं, मी मागे उभा राहून माइकचा आवाज कमीजास्त करतो. मला वाटलं, तेच येणार. मी म्हणालोसुद्धा, "पाण्याचं माहीत आहे मला, आई."

"पाण्याचं भाषण वेगळं. ते मी करते, पुढेही करीन. हे काहिलीचं आहे."

आणि तिने सांगितलं. त्या तळ्यात शिंगाडे यायचे. शिंगाड्याच्या दिवसांत पाटील आपल्या गुऱ्हाळाची मोठी काहील, गूळ शिजवायची ती लोखंडी कढई, तळ्यात सोडायचा. पाटलाच्या घरची पोरं तिच्यात बसून मधोमध जायची, हाताने पाणी मारत, गोलगोल फिरत, हसत. शिंगाडे तोडायला म्हणून जायची, पण निम्मा वेळ नुसती फिरायची. आई बांधावर उभी राहून बघायची. तिच्याएवढीच पोरं.

"पाणी पुढे मिळालं रे," आई म्हणाली. "नळ आला, नोकरी आली, सगळं आलं. शिंगाडेसुद्धा विकत घेतले, काही खास नसतात. पण मला त्या काहिलीत बसायचं होतं. ते कुठल्या भाषणात सांगणार? एवढी मोठी लढाई आणि बाईला काय पाहिजे, तर गोलगोल फिरायचंय."

भाईसाबना मराठी येत नाही, पण त्यांनीही कप खाली ठेवला. मला माझ्याच आईची एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती, आणि मला फार वाईट वाटलं. आईला मी नेहमी व्यासपीठावर बघत आलो. बांधावर उभी असलेली मुलगी मी कधी बघितलीच नव्हती.

"पण तू चढणार कशी?" मी विचारलं. आवाज आता उतरला होता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "शी हॅज बीन ट्रेनिंग. फॉर वीक्स." आणि अंगणाकडे बोट दाखवलं. "सॉरी अबाउट द मेथी."

मग मला एकदम सगळं दिसलं. रोज दुपारी, मी ऑफिसात असताना, हिरवळीवर स्टूल, त्यावरून पालथी बादली, बादलीवरून वाफ्याच्या पत्र्यावरून पाय, आणि मेथीतून सरळ चालत पलीकडे डेकवर. शिस्तीचा पोसम. भगभगणारे तळपाय. मी आईकडे बघितलं, तर ती ओठ आवळून हसू दाबत होती. "तिखट मात्र चांगलं आहे हो तुझं," म्हणाली.

मी होडीतलं सामान काढायला लागलो. सतरंज्या गेल्या, बोर्ड गेले, अर्धे कॅन गाडीकडे गेले. बायकोने कुणी न सांगता ज्वारीचं पीठ उतरवलं, सुकट तेवढी ठेवली. पट्टीवरचं वजन मी आता पहिल्यांदा नीट वाचलं. चार माणसं आरामात बसत होती.

आईने स्टुलावर पाय ठेवला. तिथून बादलीवर, बादलीवरून ट्रेलरच्या मडगार्डवर. मी खांदा पुढे केला, तिने त्यावर हात ठेवला आणि उजवा पाय उचलला. पाय होडीच्या काठाला अडला. बूट पत्र्यावर घासला आणि तिचा हात माझ्या खांद्यात रुतला. "मागे नको धरूस," ती दात आवळून म्हणाली, "पुढे ढकल." मी ढकललं. पाय आत पडला, मग दुसरा, आणि आई पुढच्या फळीवर जाऊन बसली. भाईसाबनी टाळ्या वाजवल्या.

तिने आधी जॅकेट ठीकठाक केलं. मग हळूच हात होडीच्या बाहेर सोडला आणि ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर, हवेतच, बोटं फिरवली. मी ट्रेलर धरून थोडा हलवला. नुसता, डावीकडे उजवीकडे. आई खळखळून हसली. तसं हसताना मी तिला आधी ऐकलेलं नव्हतं.

बायको चहा करून घेऊन आली. मी म्हणालो, "चल आई, आता उतर. चहा घे."

आईने खाली बघितलं. मग मुलीकडे बघितलं. मुलीने आजीकडे बघितलं. वाफ्याच्या पलीकडे डेक होता, तिथून ती रोज सरळ घरात जायची.

"बाबा," मुलगी म्हणाली, "वी ओन्ली प्रॅक्टिस्ड गेटिंग इन."

"म्हणजे? एवढे दिवस तालीम केली आणि उतरायचा विचारच केला नाही?" मी कपाळाला हात लावला.

"चहा वरच दे," आई म्हणाली. तिचा हात अजून होडीच्या बाहेरच होता. "चढायचं राहिलं होतं रे माझं. उतरायचं कुणाच्या मनात होतं?"