कानाची उंची
लाकडाच्या ओल्या पॉलिशचा वास आला की मला ती दुपार आठवते. आई जाऊन चार महिने झाले होते. घर फार गप्प झालं म्हणून मी नवी पेठेतून दोन छोटे स्पीकर आणले आणि त्यांच्या स्टँडसाठी गल्लीतल्या सुताराला बोलावलं. तो माझ्या वडिलांना, अण्णांना, मोठ्यानं म्हणाला, "स्पीकर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला पायजे. कुटं बसता तुमी?" अण्णांनी खुर्चीतून न उठता खिडकीखालची फरशी दाखवली. "हितं. ती हितं बसती." आई तिथंच बसून भाजी निवडायची. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "अण्णा, ऐकणार तर तुम्हीच की." "जन्मभर माग चालवला, त्या खडखडाटात माझे कान कवाच गेले," ते म्हणाले. "मला काय ऐकू येतंय?" मग खुर्चीवरून खाली उतरून त्यांनी फरशीपाशी हवेत हात धरला, आई बसल्यावर तिचा कान येईल तेवढ्या उंचीवर. हात जरासुद्धा हलला नाही. सुतारानं तिथपर्यंत टेप धरली. आता अण्णाही नाहीत. स्टँड फार बुटके आहेत, उंच करून घेऊ, असं बायको म्हणते. मी नको म्हणतो. गाणी रोज लावतो; पण त्या खिडकीखाली मी अजून एकदाही बसलेलो नाही.