मुलांचा खेळ

चंद्रावतीबाई पेडण्याच्या. वडील दशावतारी मंडळीत स्त्रीपार्ट करायचे, त्यामुळे त्यांच्या घरात 'खेळ' म्हटलं की एकच अर्थ. रंगपट उघडला, तोंडाला रंग लागला, देवळापुढे पेट्रोमॅक्स पेटली, की तो खेळ. पोरं अंगणात करतात तो नुसता धुमाकूळ!

लग्न होऊन त्या मुळगावला आल्या आणि एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली तिथली बालवाडी त्यांच्या हाती आली. देवळाची अग्रशाळा, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायची पडवी, अठरा पोरं, आणि करवंट्या, रेती, रिकामे डबे. बाईंनी मुलांना त्यात मोकळं सोडलं होतं. शिकवायला दुसरं काही नव्हतंच!

त्या अठरांत चार वर्षांची गंगा होती. आईबाप सावंतवाडीकडचे, खाणीवर कामाला आलेले. तीन महिने पोरीने तोंड उघडलं नव्हतं. मग एके दिवशी तिने करवंट्या टोपलीत भरल्या, दारोदार पाव विकणाऱ्या पोदेरासारखं 'पों पों' केलं आणि ओरडली, "उंडे घेयाऽऽ, गरम उंडे!" बाईंनी त्या दिवशी सहा करवंट्या विकत घेतल्या, आणि घरी जाताना एकट्याच हसत गेल्या.

अशात बालवाड्यांची तपासणी करणाऱ्या पणजीच्या कचेरीतून पत्र आलं. 'भेटीच्या वेळी मुलांचा खेळ पाहण्यात येईल.'

बाईंच्या अंगात वडील संचारले. करवंट्या पोत्यात, पोतं माळ्यावर. पुठ्ठ्याचे मुकुट आले, जुन्या साड्यांचे पडदे आले. तीन आठवडे तालीम. गंगेला चिमणीचं सोंग आणि वाक्य एकच, "आई, भूक लागली." ते काही येईना. बाईंचा आवाज रोज थोडा चढत गेला. गंगा पुन्हा मुकी झाली.

तिची आई सगुणा एकदा दाराशी येऊन म्हणाली, "बाई, चेडू घराकडे पण गप आसा. ह्यो खेळ झालो काय बोलात मां?"

"बोलेल गो. रंगभूमीचं भय असतं पहिल्यांदा."

भेटीचा दिवस उजाडला. तपासणीला आलेल्या पणजीच्या बाई खुर्चीत बसल्या, आया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पडदा सरकला. चिमणी पुढे आली आणि उभ्या उभ्या ओली झाली.

पणजीच्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो, हे नाटक कशाला? मुलं रोज खेळतात ना, ते बघायचं होतं मला."

चंद्रावतीबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एका शब्दाचा घोळ! सगुणेने लेकीचे कपडे बदलले, बाईंनी पोतं खाली ओढलं. क्षणात मुकुट उडाले आणि पोरांनी रेतीत उड्या घेतल्या.

गंगा कोपऱ्यात गेली. तिने पाच करवंट्या ओळीने मांडल्या, कंबरेवर हात ठेवला आणि सगळ्यांत लहान करवंटीसमोर वाकून खणखणीत आवाजात म्हणाली, "बोल गो! तोंडात काय माती भरलीस? दगड खंयचो! तुझ्यापायी सगळ्यांचो खेळ बुडतलो!" आणि तिने करवंटीला फटका मारला.

आया हसल्या. चंद्रावतीबाईंना मात्र जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. शब्द त्यांचे. कंबरेवरचा हातही त्यांचा. फटका मात्र... हो, एकदाच, पण तोही त्यांचाच.

पणजीच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडून विचारलं, "हिला घरी कोण असं रागावतं?"

सगळ्यांच्या नजरा सगुणेकडे वळल्या. तिने एकवार चंद्रावतीबाईंकडे पाहिलं, पदर सावरला आणि मान खाली घालून म्हणाली, "आमीच, बाई. खाणीवरसून येताव दमान, तोंडातसून जाता कायतरी."

पेन वहीवर टेकलं.

चंद्रावतीबाईंनी आयुष्यात कितीतरी संवाद ऐकले होते, पाठही केले होते. यातला एकही उपयोगी पडला नाही. आवाज फुटेना. तीन आठवडे त्या पोरीचं काय होत होतं, ते आता त्यांना घशात कळलं.

"घरी कुणी नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "ती मी आहे. ती माझं सोंग करतेय. तिच्या आईचं नाव लिहू नका."

चंद्रावतीबाई जाऊन गंगेजवळ रेतीत बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. गंगेने त्या हाताकडे पाहिलं. मग फटका खाल्लेली करवंटी उचलून तिने पोटाशी धरली आणि ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.