आडवं इंजिन

त्या गाडीबद्दल मी आजवर कुणाला शांतपणे काही सांगू शकलेले नाही. आताही जमेलसं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही अमेरिकेत, पिस्कॅटवेत राहत होतो. नवरा टेलिफोनच्या एका कंपनीत इंजिनियर होता. मीही पुण्याहून मेकॅनिकल करून आलेले, वर्गातली एकटी मुलगी. पण नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलेले माझे हात इथे पोळ्या लाटत होते आणि लाँड्रीच्या घड्या घालत होते.

शेजारी एक इंग्रज बाई राहायच्या. यजमान वारल्यापासून त्यांच्या गॅरेजमध्ये एक लाल मिनी, ती चिमुकली इंग्लिश गाडी, धूळ खात उभी होती, साठच्या दशकात इथेच घेतलेली. त्या कायमच्या इंग्लंडला परत जायला निघाल्या, तेव्हा मला म्हणाल्या, "तू रोज खिडकीतून हिच्याकडे बघतेस. चालू करता आली तर तुझी."

आम्ही ती ढकलत आमच्या ड्राइव्हवेत आणली. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नवऱ्याच्या नावावर केलं. "इन्शुरन्सला सोपं पडतं," तो म्हणाला, आणि मी मान डोलावली.

बॉनेट उघडलं आणि मी तिथेच बसले. सुएझ कालव्याच्या भानगडीत इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, त्यातून ही गाडी जन्मली, एवढं मी कॉलेजात वाचलं होतं. प्रत्यक्ष बघणं वेगळं. इंजिन गाडीच्या लांबीत उभं न घालता रुंदीत आडवं घातलेलं. गिअरबॉक्सला जागा उरली नाही म्हणून तो इंजिनाच्या पोटाखाली, त्याच ऑइलमध्ये बसवलेला. चाकं दहा इंची, चार कोपऱ्यांना ढकललेली. स्प्रिंगांच्या जागी रबर. हे सगळं कशासाठी, तर यंत्रानं कमीत कमी जागा खावी आणि चार माणसांना नीट बसता यावं. दारांच्या आत एवढाले कप्पे की त्यांत दुधाचे कॅन उभे राहत. कुणीतरी आधी माणसं बसवली होती आणि मग त्यांच्याभोवती पत्रा वाकवला होता.

अख्खा हिवाळा मी त्या गाडीखाली काढला. पार्ट्स पोस्टानं मागवले, क्लच बदलला, ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या. तिची एक खोड होती. पावसाचं पाणी समोरच्या जाळीतून थेट इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर यायचं आणि गाडी रस्त्यात बंद पडायची. त्यावर मी भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवला, बोटं कापून त्यांतून वायरी काढल्या. पुन्हा कधी बंद पडली नाही. वसंतात मी तिच्यातून इंडियन ग्रोसरीत जाऊ लागले. नवराही बसायचा. गुडघे पोटाशी घ्यावे लागतील असं त्याला वाटलं होतं. पाय लांब करून बसला तेव्हा स्वतःच हसला होता.

मग इथल्या मराठी मंडळातले एक काका जेवायला आले. मोठे डॉक्टर, इथे आधी आलेले, त्यामुळे सगळ्यांना सल्ला देणारे. ड्राइव्हवेत थांबून नवऱ्याला म्हणाले, "अरे, हे डबडं कशाला ठेवलंयस घरासमोर? गोऱ्या शेजाऱ्यांत आपल्या लोकांचं इम्प्रेशन काय होतं?" नवरा कानापर्यंत लाल झाला.

पुढच्या महिन्यात नणंदेचं बाळंतपण होतं. ती मॉरिसव्हिलजवळ राहायची. मी तिच्याकडे गेले, बाळाला न्हाऊ घातलं, डिंकाचे लाडू केले आणि परत आले. ड्राइव्हवेत एक नवीकोरी अमेरिकन गाडी उभी होती.

"सरप्राइज," नवरा म्हणाला.

"माझी गाडी कुठाय?"

"जंकयार्डवाला घेऊन गेला. टायटल माझ्या नावावर होतं ना, सही केली. अगं, किती दिवस ठेवणार होतो यार आपण ती?"

मी त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि त्याच नव्या गाडीतून जंकयार्डला गेले. तिथल्या माणसाला विचारलं. त्यानं मागच्या, गाड्या चेपणाऱ्या क्रशरकडे बोट दाखवलं. "आजच गेली. कुणी विकत घेतली असती, पण आम्हाला न चालणारी म्हणून सांगितलं होतं."

"चालत होती," मी म्हणाले. तो ओशाळला. त्याची काही चूक नव्हती.

न चालणारी. हा शब्द मी घरी येईपर्यंत दातांखाली धरून होते.

शनिवारी मंडळी नवी गाडी बघायला आली. नवरा सांगत होता, "फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे. एकदम लेटेस्ट टेक्नॉलॉजी." काका मान डोलावत होते. मी पुढे गेले आणि बॉनेट उघडलं.

"हे इंजिन आडवं का आहे, सांग," मी नवऱ्याला म्हणाले. त्यानं काकांकडे बघितलं. "मी सांगते. तू भंगारात घातलीस ना, त्या गाडीनं ते आडवं केलं म्हणून. गिअरबॉक्स बाजूला सरकवला तो इटालियनांनी, तोही साठच्याच दशकात. तू डबडं देऊन तिचीच नात विकत आणलीस आणि लेटेस्ट म्हणून मिरवतोयस."

"अगं, जाऊ दे ना," काका म्हणाले. "पत्र्याचा डबा तो. एवढं काय त्यात?"

"काका, तुमची गाडी मी उद्या तुम्हाला न विचारता क्रशरमध्ये घातली, तर जाऊ द्याल?"

काकांच्या शेजारी काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "यांच्या गाडीचं टायटल कुठे असतं ते मला माहीत आहे. हवं तर आणून देते."

कुणी हसलं नाही. काकूही नाही.

लोक गेल्यावर नवरा म्हणाला, "चारचौघांत माझा अपमान केलास."

"चारचौघांसाठीच तू गाडी दिलीस," मी म्हणाले. पुढे कित्येक दिवस आम्ही मीठ-भाजीपुरतंच बोललो.

त्याच वर्षी मी इथल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्सला अर्ज केला, विद्यार्थिनीचा व्हिसा स्वतःच्या नावावर घेतला आणि पुढे ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला लागले. लोकांना वाटतं, झालं ते चांगल्यासाठीच. मला तसं म्हणणाऱ्यांचा राग येतो. मी अर्ज तसाही करणार होते, आणि युनिव्हर्सिटीत त्याच गाडीनं जाणार होते.

पुढे आम्हाला मुली झाल्या. त्या मोठ्या झाल्यावर एकदा नवरा आपणहून म्हणाला, "तेव्हा मला कळलं नव्हतं, तुझ्यासाठी ती एवढी महत्त्वाची होती ते."

तो हिवाळाभर खिडकीतून मला गाडीखाली आडवी पडलेली बघत होता. चहाचा कपही आणून द्यायचा. त्याला कळलं होतं. मी तेच त्याला सांगितलं. 'जाऊ दे' म्हणून त्याला सोपं करून दिलं नाही.